शस्त्रपूजन झाले, शस्त्रांच्या इतिहासाचे काय?

खंडेनवमीला घरोघरी विळी-कोयत्यापासून तलवारीपर्यंत साऱ्या शस्त्रांना हळदकुंकू वाहिले जाते. विजयादशमीला शस्त्रपूजन होते. शस्त्राला देव्हाऱ्याशेजारी स्थान देणारा हा समाज ते शस्त्र कोठे घडले, कोणाच्या हाती होते, याची नोंद मात्र क्वचितच ठेवतो. पूजा आणि विस्मृती एकाच घरात सुखाने नांदतात.

छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयात तलवारी आणि चिलखते पाहताना अभ्यागताची मान आदराने लवते. रायफलीकडे पाहण्याची तशी दृष्टी अद्याप आपल्याला आलेली नाही. वस्तुतः या शहराचा अर्वाचीन इतिहास बंदुकीच्या नळीशी निगडित आहे. जून 1857 मध्ये येथील छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात बंडाचा वणवा पेटला. ज्या काळ्या चबुतऱ्यावर त्या शिपायांना देहदंड दिला गेला, तोच आजचा क्रांती चौक. पुढे 14 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सेना शहरात आली आणि तीनच दिवसांत निजामाची राजवट संपली. त्याआधी सीमेवरील शिबिरांतून ठासणीच्या बंदुका आणि मिळतील त्या रायफली घेऊन तरुण रझाकारांशी झुंजत होते. उमरी बँकेच्या लुटीतील रकमेचा हिशेब त्या पिढीने चोख ठेवला. सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभाला दर 17 सप्टेंबरला पुष्पचक्र वाहणाऱ्या आपल्या पिढीने त्या शस्त्रांचा हिशेब ठेवला आहे काय?

जुनी लष्करी रायफल म्हणजे लोखंड आणि लाकूड नव्हे. तो एक दस्तऐवज आहे. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तयार झालेल्या .303 रायफलीवर, दस्ता जेथे पोलादाला मिळतो तेथे, कारखान्याचे नाव आणि निर्मितीचे वर्ष कोरलेले असते. पारतंत्र्यात त्यावर ब्रिटिश राजमुकुट होता, स्वातंत्र्यानंतर त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. बोल्टवरचा क्रमांक मुख्य सांगाड्यावरील क्रमांकाशी जुळला, तर ते दोन्ही भाग कारखान्यात एकमेकांसाठीच बसवलेले आहेत, हे जाणकार ओळखतो. म्हणूनच मूळ सुट्या भागांचा शोध हा जगभरच्या संग्राहकांचा खरा ध्यास असतो. हरवलेल्या बोल्टच्या जागी दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला, तर वस्तू पूर्ण दिसते. पण तिची साक्ष खोटी ठरते.

याचे एक बोलके उदाहरण आहे. इंग्रजांनी काही .303 रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून, एका वेळी एकच फैर झडेल अशी व्यवस्था करून त्या पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी .410 मस्केट म्हणून दिल्या. 1857 नंतर हिंदी शिपायाच्या हाती गुळगुळीत नळीची बंदूक देऊन अचूक माऱ्याची रायफल गोऱ्यांसाठी राखणाऱ्या धोरणाशी ते सुसंगतच होते. आज एखाद्या हौशी माणसाने अशा मस्केटमधील लाकडी ठोकळा काढून तेथे काडतुसांची पेटी बसवली, तर दुरुस्ती झाल्याचे समाधान त्याला मिळेल. परंतु परकीय सत्तेच्या अविश्वासाचा पुरावा त्याच्याच हातून पुसला जाईल. रिकामी जागाही इतिहास सांगते. भाग मिळाला नाही, तर ती तशीच ठेवणे हेच प्रामाणिकपणाचे.

येथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. लॉर्ड लिटनच्या 1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले, ही जखम विसरता येत नाही. तथापि स्वतंत्र भारताचा 1959 चा कायदा आपणच केलेला आहे. गावठी कट्ट्यांनी होणारे खून पाहता तो शिथिल करावा, असे कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. मात्र त्याच कायद्याच्या कलम 45 ने पुराणमूल्य असलेल्या आणि दुरुस्त करूनही गोळी झाडू न शकणाऱ्या शस्त्राला सूट दिलेली आहे. वाट आहे, ती माहीत नाही, एवढेच. आजोबांची बंदूक घरात सापडली की कुटुंब घाबरते. 2019 च्या दुरुस्तीने वारसा शस्त्रे धरूनही एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. मग शस्त्र ठाण्यात जमा होते, मुदतीत कोणी मागणी केली नाही, तर सरकारजमा होते आणि त्याच्याबरोबर त्याची कथाही नाहीशी होते.

1962 मध्ये रेझांग ला येथे 13 कुमाऊँच्या जवानांनी .303 हातात घेऊनच अखेरपर्यंत झुंज दिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी या रायफलीला 2020 च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला. अशा वेळी मूळ क्रमांक जुळणारे निवडक नग निकामी करून संग्रहालयांना द्यावेत, सरकारजमा शस्त्रे नष्ट करण्यापूर्वी पुरातत्त्वाच्या जाणकाराने पाहावीत, आणि संभाजीनगरात मुक्तिसंग्रामातील शस्त्रांचे एक दालन उभे राहावे, ही मागणी अवाजवी नाही.

शासनाची वाट न पाहता करता येण्याजोगे कामही आहे. ज्या घरांतील वडीलधाऱ्यांनी त्या काळाच्या हकिकती ऐकल्या आहेत, त्यांच्या तोंडून त्या लिहून घ्याव्यात. परवान्याचे जुने कागद जपावेत. येत्या खंडेनवमीला शस्त्रावर फूल वाहताना त्यावरचा क्रमांकही वहीत उतरवावा. नोंदीविना केलेली पूजा ही अर्धीच पूजा होय.