मुख्यमंत्री महोदय, आधी कान्ह नदी अडवा

डॉ. मोहन यादव,
मुख्यमंत्री, मध्य प्रदेश

महोदय,

राज्याने हिंदू धर्म अधिकृतपणे स्वीकारावा, अशी मागणी हल्ली कथेच्या मंडपांतून उघडपणे होते. आपल्या सरकारने तसा ठराव केलेला नाही, पण कारभार तो झाल्यासारखाच चालला आहे. आम्ही उज्जैनला क्षिप्रेच्या रामघाटावर स्नान करणारी, महाकालासमोर डोकं टेकवणारी माणसं आहोत, आणि आम्हीच आपल्याला सांगतो आहोत की राज्याला धर्म जोडू नका. का, ते रामघाटाचं पाणी सांगेल.

स्वच्छतेत २०१७ पासून सलग अनेक वर्षं देशात पहिलं आलेल्या इंदूरचं सांडपाणी कान्ह नदीतून येतं आणि रामघाटाच्या वरच्या अंगाला, त्रिवेणीवर, क्षिप्रेत मिसळतं. हे आपल्याला ठाऊक आहे. आपण उज्जैन दक्षिणचे आमदार आहात. त्यावर उपाय म्हणून २०१४ मध्ये ४३२ कोटी रुपये खर्चून नर्मदेचं पाणी उपसून क्षिप्रेच्या उगमाशी, उज्जैनी गावात आणून सोडलं. २०१६ च्या सिंहस्थाआधी कान्ह वळवायला सुमारे ९५ कोटींची पाइपलाइन टाकली. २२ एप्रिल ते २१ मे २०१६ या महिनाभरात लोकांनी क्षिप्रा म्हणून ज्यात डुबकी घेतली, ते मुख्यतः नर्मदेचं पाणी होतं. मेळा उठला आणि कान्ह परत आली. त्रिवेणीवर मातीचा बांध घालायचा, तो फुटायचा, पुन्हा घालायचा, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहतो आहोत. ५ जानेवारी २०१९ च्या शनिश्चरी अमावास्येला तर त्रिवेणीवर पाणीच नव्हतं. भाविकांनी चिखलात स्नान केलं. तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं. त्यांनी कलेक्टर आणि आयुक्त बदलले, नदी तशीच राहिली. आता २०२८ च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी बंद नाल्यातून आणि बोगद्यातून, तब्बल ३० किलोमीटर लांब नेऊन गंभीर नदीत सोडण्याची योजना आहे. खर्च ९१९ कोटी. त्याखेरीज क्षिप्रेसाठीच्या सिलारखेडी-सेवरखेडी पाणीयोजनेवर ६१४ कोटी. म्हणजे बारा वर्षांत दुसऱ्यांदा तेच सांडपाणी घाटाला वळसा घालून पलीकडे काढायचं. गंभीर नदीकाठच्या गावांनी कोणाचं काय बिघडवलं आहे? पाणी इंदूरमध्येच शुद्ध करून का सोडत नाही, हे आम्हाला कोणी सांगेल का?

हे आम्ही विचारतो तेव्हा आम्हाला भव्यता दाखवली जाते. ११ ऑक्टोबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते महाकाल मंदिराजवळच्या ‘महाकाल लोक’ या परिसराचं लोकार्पण झालं, आणि २८ मे २०२३ च्या वादळात सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती कोसळल्या. पुलाचा किंवा शाळेचा ठेकेदार असा सापडला असता तर सगळ्यांनी मिळून त्याला जाब विचारला असता. इथे जाब विचारणाऱ्याच्या श्रद्धेवरच बोट ठेवलं गेलं. सरकार भक्ताच्या वेषात उभं राहिलं की त्याच्याकडे हिशेब मागणं म्हणजे देवाचा अपमान ठरतो, आणि आमचा सगळा राग ह्यावरच आहे.

आपण २४ जानेवारी २०२५ ला अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मत्रिशताब्दीनिमित्त महेश्वरला मंत्रिमंडळाची बैठक घेतलीत. त्या बाईंनी काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं आणि घाट बांधले ते आपल्या खासगी मिळकतीतून. दौलतीचा पैसा वेगळा, त्याचा जमाखर्च वेगळा. त्यांच्याएवढं धर्मकार्य हिंदुस्थानात क्वचितच कोणी केलं असेल, तरी ही रेघ त्यांनी पाळली. आपल्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमातही हेच तत्त्व आहे: एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कोणालाही कर भरायला लावता येणार नाही. महाकालाचं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभं केलं, आणि त्याच शिंदे घराण्यातले महादजी बीडच्या मन्सूरशाह फकिराला गुरू मानत. राज्य हिंदू राजाचं होतं, तरी प्रजेत आपला कोण आणि परका कोण, हे ठरवायला त्यांना ठराव लागला नाही.

महेश्वरच्या त्याच बैठकीत १९ ठिकाणी दारूबंदी ठरली, त्यात उज्जैनही आलं. काळभैरवाला मद्याचाच नैवेद्य चालतो, हे आपल्याइतकं कोणाला माहीत असणार? मग आता कोणता हिंदू धर्म अधिकृत म्हणायचा, काळभैरवाचा की मंत्रिमंडळाचा? साधूंचेच तेरा आखाडे आहेत, शैवांचे सात, वैष्णवांचे तीन, उदासींचे दोन, निर्मलांचा एक. आधी स्नान कोणाचं, यावरून त्र्यंबकला बैरागी आणि संन्यासी एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा पेशव्यांनी वैष्णवांना नाशिकचं रामकुंड आणि शैवांना त्र्यंबकचं कुशावर्त नेमून दिलं. पेशवे तिथे न्याय करायला बसले होते. एका आखाड्याची कंठी गळ्यात घालून बसले असते तर तो निवाडा दुसऱ्याने मानला असता का?

शेजारी नेपाळ पाहा. १९६२ च्या घटनेने ते हिंदू राज्य ठरलं आणि २००६ पर्यंत तसंच राहिलं. त्याच काळात पशुपतिनाथाच्या पायाशी वाहणारी बागमती गटार झाली.

म्हणून आमचं मागणं सरळ आहे. रामघाटावर फलक लावा आणि त्यावर रोज पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) आणि जिवाणूंचा आकडा लिहा. स्नानाच्या पाण्यात बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये, हा सरकारचाच निकष आहे. सिंहस्थाच्या खर्चातला पाण्याचा, रस्त्यांचा, दवाखान्यांचा, पोलिसांचा पैसा आणि मूर्ती-कमानींचा पैसा असे दोन वेगळे जमाखर्च विधानसभेत ठेवा. इंदूरच्या कोणत्या नाल्यातून किती सांडपाणी प्रक्रिया न होता कान्हमध्ये जातं, त्याची यादी द्या. आणि राज्याच्या अधिकृत धर्माची भाषा जे व्यासपीठावरून करतात, त्यांच्या शेजारी बसून ती मूकपणे ऐकून घेऊ नका. आपण घटनेची शपथ घेतली आहे. तिथल्या तिथे उठून सांगा की ही मागणी या सरकारला मान्य नाही.

रामघाटावर स्नानाला येणारा,
उज्जैनचा एक मराठी नागरिक