प्रशिक्षण मोबाईलवर आलं, पण ते कोणापर्यंत पोहोचलं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास माजलगाव तालुक्यातल्या अनेक वस्त्या ओस पडू लागतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. या काळात एखादं प्रशिक्षण गावात ठेवलं तर ती मुकतात. ऑनलाइन ठेवलं तर फडावर चार्जिंग नाही, रेंज नाही आणि दिवसभराच्या कामानंतर डोळे उघडे राहत नाहीत. 'ऑनलाइन की ऑफलाइन' हा प्रश्न आपल्याकडे खर्चाचा समजला जातो. आमच्या मते तो प्रश्न कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार, याचा आहे.

गेल्या काही वर्षांत कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण झपाट्याने मोबाईलवर गेलं. शिक्षकांचं 'निष्ठा' प्रशिक्षण 2019 मध्ये समोरासमोर सुरू झालं आणि 2020 मध्ये कोरोनाकाळात 'दीक्षा'वर गेलं. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी त्याच वर्षी 'मिशन कर्मयोगी' मंजूर झालं. 2023 मध्ये 'स्किल इंडिया डिजिटल हब' आलं. यात फायदा नक्कीच आहे. प्रवास वाचतो, धडा पुन्हा पाहता येतो, खेड्यातल्या शिक्षिकेलाही चांगला तज्ज्ञ ऐकायला मिळतो.

पण साधन चुकलं तर काय होतं, हे अंगणवाडी सेविकांनी दाखवून दिलं. 2021 मध्ये 'पोषण ट्रॅकर' आला. हातातले सरकारी फोन कमी क्षमतेचे आणि ॲप इंग्रजीत. राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. तंत्रज्ञानाला त्यांचा विरोध नव्हता. आमच्या भाषेत आणि चालणाऱ्या फोनवर द्या, एवढीच मागणी होती.

दुसरा धोका कागदावर दिसत नाही. एका प्रशिक्षणात आम्ही पाहिलं, ताईंचा फोन भाच्याच्या हातात होता. तो 'पुढे' दाबत गेला आणि संध्याकाळी प्रमाणपत्र आलं. नोंदीत प्रशिक्षण शंभर टक्के पूर्ण, ताईंच्या पदरात शून्य.

सफाई कामगारांच्या बाबतीत हे शून्य जिवावर बेततं. गटार आणि सेप्टिक टँकमधला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त असला की वासाची जाणीवच मरते. आत पडलेल्याला वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे. 2023 पासून 'नमस्ते' योजनेत या कामगारांची नोंदणी, सुरक्षा किट आणि प्रशिक्षण आहे. हे प्रशिक्षण व्हिडिओवर उरकता येणार नाही. वायुमापक हातात घेऊन, पट्टा अंगावर बांधून, दोर ओढूनच ते शिकावं लागतं. इथे निवडायचं खरं तंत्रज्ञान म्हणजे वायुमापक आणि माणसाऐवजी उतरणारं यंत्र. ॲप नंतर.

मग निवड कशी करावी? सर्वात साध्या फोनवर, रेंज नसताना, मराठीत चालेल तेच घ्यावं. 'दीक्षा'वरचा मजकूर डाउनलोड करून इंटरनेटशिवाय पाहता येतो. 'कोलिब्री' ही मोफत प्रणाली एका जुन्या संगणकावर बसवली की आजूबाजूचे फोन इंटरनेट नसतानाही वायफायवरून धडे उघडू शकतात. गावातल्या विहारात असा एक संगणक ठेवणं आपल्या आवाक्यातलं आहे. माहिती आणि उजळणी मोबाईलवर, हाताचं काम समोरासमोर आणि परीक्षा काम करून दाखवण्याची. ऊसतोड कुटुंबांसाठी वर्ग ते गावी असतानाच घ्यावेत.

बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. शिकणाऱ्याची वेळ पाहून वेळापत्रक बसवलं. आज ॲप निवडताना तोच क्रम हवा. आधी माणूस, मग साधन.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे. आपल्या नगरपरिषदेला, प्रशिक्षण केंद्राला चार प्रश्न लेखी विचारा. प्रशिक्षण मराठीत आहे का? रेंजशिवाय चालतं का? प्रत्यक्ष सरावाचे तास किती? आणि शिकण्याच्या वेळेची मजुरी मिळते का? उत्तरं मिळेपर्यंत निव्वळ प्रमाणपत्रांच्या आकड्यांवर टाळ्या वाजवू नका.