सौंदर्य हा पुरावा नव्हे

सुंदर गणितास प्रयोगाच्या दाखल्याची फारशी गरज नाहीं, असें मानणारा एक पक्ष सैद्धान्तिक पदार्थविज्ञानांत आज उजळ माथ्यानें वावरत आहे. रिचर्ड डाविड या तत्त्वज्ञानें २०१३ सालच्या आपल्या ग्रंथांत तंतुवादाचा, म्हणजे ‘स्ट्रिंग थिअरी’चा, कैवार घेऊन असें प्रतिपादिलें कीं, प्रयोगाचें पाठबळ नसलें तरी सिद्धान्तावर विश्वास ठेवण्यास सबळ कारणें असूं शकतात, पुष्कळ शोधूनहि दुसरा पर्याय सांपडत नाहीं, हें त्यांपैकीं एक! जॉर्ज एलिस व जोसेफ सिल्क यांनीं २०१४ च्या डिसेंबरांत ‘नेचर’ पत्रांतून या वृत्तीविरुद्ध आवाज उठविला. आमच्या मतें त्यांचाच पक्ष न्याय्य आहे.

मूळ प्रश्न खरा आहे, हें आम्हांस मान्य आहे. आइन्स्टाइनचा १९१५ चा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त आणि अणूंच्या जगाचा क्वांटम सिद्धान्त हे दोन्ही आपापल्या प्रांतांत खरे उतरले आहेत. परंतु कृष्णविवराच्या गाभ्यांत किंवा विश्वाच्या आरंभीं, जेथें दोघांचीहि गरज लागते, तेथें त्यांचें जुळत नाहीं. हा तंटा तंतुवाद मिटवूं पाहतो. एका मीटरचे एकावर पस्तीस पूज्यें इतके भाग केले, तर त्यांतल्या एका भागाएवढी या तंतूंची लांबी साधारणतः मानतात. जिनीव्हाजवळचें २७ किलोमीटर परिघाचें यंत्रहि तेथवर पोंचूं शकत नाहीं. हा कांहीं शास्त्रज्ञांचा अपराध नव्हे. अपराध पुढेंच आहे. या सिद्धान्तांतून एकावर पांचशें पूज्यें इतकीं निरनिराळीं विश्वें संभवतात असा अंदाज निघाला, तेव्हां कित्येकांनीं ही अडचण न मानतां तिलाच भूषण ठरविलें: हीं सारीं विश्वें कोठें तरी आहेतच, त्यांतलें एक आपलें! आतां दुर्बिणींतून कांहींहि दिसो, सिद्धान्त खोटा पडण्याची भीति उरली नाहीं. जो साक्षीदार प्रत्येक प्रश्नाला होकार देतो, त्याची साक्ष कोणतें न्यायालय ग्राह्य मानील?

सौंदर्याच्या साक्षीचा पूर्वेतिहासहि चांगला नाहीं. वर्तुळ हीच परिपूर्ण आकृति, म्हणून ग्रहांची गति वर्तुळांनींच समजावी, ही श्रद्धा जवळजवळ दोन हजार वर्षें टिकली. टायको ब्राहेच्या वेधांशीं केप्लरनें मंगळाचें गणित ताडून पाहिलें, तों फरक पडला आठ कलांचा. पूर्णचंद्राच्या बिंबाच्या चौथ्या हिश्शाएवढा! तेवढ्यासाठीं त्यानें वर्तुळ टाकलें आणि १६०९ सालीं दीर्घवर्तुळ स्वीकारलें. आमच्या काळांत प्रत्येक ज्ञात कणास एक जोडीदार कण देणारी अतिसममितीची कल्पना तशीच मोहक ठरली. त्या जोडीदारांपैकीं एकहि जिनीव्हाच्या यंत्रांत अद्यापि आढळलेला नाहीं.

यावर उत्तर मिळतें कीं, धीर धरा. हिग्ज कणासहि १९६४ पासून २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली, गुरुत्वीय लहरींस तर १९१६ पासून २०१५ पर्यंत. हा दाखला आमच्याच बाजूचा आहे. काय आढळलें पाहिजे, हें या दोन्ही सिद्धान्तांनीं अगोदर सांगून ठेविलें होतें. थांबण्यास आमची ना नाहीं. कशासाठीं थांबायचें, तें मात्र सांगावें.

हॉइल, बाँडी व गोल्ड यांचा १९४८ चा स्थिरस्थिति-विश्वाचा सिद्धान्त आज बहुतेकांनीं टाकला आहे. १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या सर्वव्यापी सूक्ष्मलहरींच्या शोधानें त्यास जबर तडाखा दिला. हॉइल यांचे शिष्य कै. जयंत नारळीकर यांनीं तो सुधारून अखेरपर्यंत लढविला, पण लढविला तो वेधांच्याच मैदानांत. हरूं शकणारा सिद्धान्त हरला, तरी त्यांत शास्त्राची अप्रतिष्ठा नाहीं.

त्याच नारळीकरांनीं २००८ सालीं पुण्यांत फलज्योतिषाची परीक्षा घेतली. हुशार व गतिमंद मुलांच्या कुंडल्या देऊन, कोणती कोणाची तें ओळखण्यास सांगितलें. उत्तरें देणाऱ्या २७ ज्योतिष्यांचें यश नाणेंफेकीहून सरस ठरलें नाहीं. उद्यां एखादा ज्योतिषी विचारील, ‘तुमच्या अनंत विश्वांस तरी कोणती कसोटी लावलीत?’ मग आम्ही त्यास काय उत्तर द्यावें? आमच्या घरांतलीं मुलें लोकप्रिय पुस्तकांतून हीं विश्वें सिद्ध ज्ञान म्हणून वाचतात. कल्पना अवश्य मांडा. तिच्यावांचून शास्त्राचें पाऊल पुढें पडत नाहीं. पण तिच्यावर ज्ञानाचा शिक्का मारण्याचा अधिकार गणिताच्या सौंदर्यास नाहीं. तो निसर्गाचा आहे, आणि निसर्गानें तो कोणासहि मुखत्यारपत्र करून दिलेला नाहीं.