आंतरतारकीय संशोधनाला हवी दीर्घ मुदत

ताऱ्यांच्या दरम्यानचे अवकाश पूर्णपणे रिकामे नसते. तेथे पसरलेल्या अतिविरळ वायूला आणि धूलिकणांना आंतरतारकीय माध्यम म्हणतात, आणि नवे तारे त्यातूनच घडत असल्यामुळे त्याचा अभ्यास खगोलशास्त्रात मूलभूत ठरतो. मागच्या ताऱ्याच्या प्रकाशातील कोणता भाग हे माध्यम शोषून घेते, यावरून त्याचे अनेक घटक ओळखावे लागतात, आणि ही ओळख पटण्यास एका संशोधकाची कारकीर्द अनेकदा अपुरी पडते.

मेरी ली हेगर यांना 1919 च्या सुमारास, कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत संशोधक विद्यार्थिनी असताना, काही ताऱ्यांच्या वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार विभागलेल्या प्रकाशात, दोन रुंद व पुसट काळे पट्टे आढळले आणि 1922 मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. विवाहानंतर हेगर यांचे वेधसंशोधन थांबले. असे पट्टे आता पाचशेहून अधिक ज्ञात आहेत. त्यांपैकी अवरक्त भागातील दोन पट्टे 60 कार्बन अणूंच्या, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या पोकळ रेणूमुळे उमटतात, हे बाझेल विद्यापीठातील जॉन मायर यांच्या गटाने 2015 मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. त्याच रेणूचे गोठवलेल्या निऑनमधील पहिले मोजमाप त्यांनी 1993 मध्ये केले होते, म्हणजे मधली 22 वर्षे अचूक मोजणीचे तंत्र साधण्यात गेली. हेगर यांनी पाहिलेल्या पट्ट्यांचे मूळ मात्र अद्याप निश्चित झालेले नाही.

डॉक्टरेटनंतरच्या दोन-तीन वर्षांच्या कंत्राटी नेमणुका आणि शोधनिबंधांची मोजदाद, या आजच्या निकषांवर अशी वाटचाल टिकणे कठीण आहे. मोठ्या उपकरणांनाही अशीच दीर्घ मुदत लागते. नारायणगावजवळच्या खोडद येथील, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आंतरतारकीय माध्यमातील हायड्रोजन वायूचा 21 सेंटिमीटर तरंगलांबीचा संदेश टिपते. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दीर्घकाळ स्थिर पाठबळ मिळाले नसते, तर ती उभी राहिली नसती. म्हणून उपकरणे घडवणाऱ्या आणि प्रयोगशाळेत रेणू मोजणाऱ्या संशोधकांसाठी विद्यापीठांनी कायम पदे निर्माण करावीत, आणि त्यांच्या कामाचे मूल्यमापन करताना दशकाचा काळ हे किमान माप मानावे.