पेटी आपली, घाम कुणाचा?



ऑक्टोबर लागला की दुबई-शारजातल्या आपल्या मंडळींना शेतीचा उमाळा येतो. व्हिलाच्या अंगणात लाकडाच्या खोल पेट्या येतात, मेथी-पालक-टोमॅटो लागतात, आणि 'आमची ऑरगॅनिक भाजी' असे फोटो फिरू लागतात. भाजी चांगलीच. पण फळ्या कोणी कापल्या? मातीची पोती कोणी वाहिली? बहुतेक वेळा कंपाउंडच्या नातूरने, नाहीतर जवळच्या साइटवरच्या सुताराने. तेही आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी.

"त्याला चार पैसे जास्त मिळतात की!" हे आपलं ठरलेलं समर्थन. ते जरा तपासू. दुसऱ्याच्या व्हिसावरच्या माणसाला परवान्याशिवाय कामाला लावणं इथे बेकायदा आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर काम देणाऱ्याला दंड आहे १ लाख ते १० लाख दिरहॅम. पकडलं गेलं तर आपण वकील गाठू. त्याची मात्र नोकरी आणि व्हिसा दोन्ही जाऊ शकतात, आणि गावाकडे एजंटाचं कर्ज तसंच उभं राहतं. चार पैशांच्या बदल्यात आपण त्याच्या गळ्यात एवढी जोखीम घालतो, आणि वर उपकाराची भाषा करतो!

दुसरं समर्थन, "आपल्याला जमत नाही". यात न जमण्यासारखं काय आहे? शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुने पॅलेट विकत मिळतात. 'एचटी' शिक्का असलेलेच घ्या, त्यांना फक्त उष्णता दिलेली असते. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते नकोत. पेटी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ४५ खोल करा. खोली महत्त्वाची, कारण उथळ कुंडी इथल्या उन्हात तापते आणि मुळं भाजतात. पालेभाजीला २० सेंटिमीटर पुरतात, टोमॅटो-वांग्याला ४५ लागतात. तळाला भोकं पाडा आणि पेटी विटांवर ठेवा, म्हणजे लाकूड कुजत नाही. आत खजुराच्या झावळ्यांचे तुकडे आणि पालापाचोळा, वर कंपोस्ट, कोकोपीट आणि धुतलेली वाळू. समुद्रकाठची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. मधूनमधून भोकांतून वाहून जाईल इतकं पाणी द्या, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. या मापाच्या पेटीत ३२४ लिटर माल मावतो. भिजल्यावर वजन सहज ३०० किलो, नुसती वाळू भरली तर अर्ध्या टनाच्या वर. म्हणून पेटी जमिनीवरच ठेवा, बाल्कनीत नको.

झालं. दोन शनिवारांचं काम. पीएचडी लागत नाही, हे पीएचडीवाला म्हणून सांगतो.

मग अडतं कुठे? अडतं ते जातीच्या सवयीपाशी. डोक्याची कामं आपली, हाताची कामं 'त्यांची', ही वाटणी आपण व्हिसाबरोबर इथे घेऊन आलो. सुतारकी आणि माळीकाम शेकडो वर्षं ज्यांच्यावर जन्माने लादलं, त्यांच्याकडे आपण कसब आहे असं कधी मानलंच नाही. एप्रिलमध्ये फुले-आंबेडकर जयंतीला भाषणं ऐकून टाळ्या वाजवतो. फुल्यांचं आडनावच फुलांच्या व्यवसायातून आलं, हे आपल्याला ठाऊकही असतं. पण हाताला माती लागायची वेळ आली की नातूरला हाक मारतो.

श्री. अ. दाभोळकर, म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोळकरांचे थोरले बंधू, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच्या उलट विचारावर. ज्याचे हात मातीत, तोच संशोधक. महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांनी आपापल्या बागेत प्रयोग केले, नोंदी ठेवल्या आणि एकमेकांना सांगितल्या. पाणी दुसऱ्याने घातलं तर नोंद कोण ठेवणार? शिकणार कोण?

एका पेटीने या देशाची अन्नाची आयात थांबणार नाही, आणि तसा आव आणण्याचंही कारण नाही. तिच्यातून आठवड्याला दोन जुड्या मेथी मिळेल. पण ती मेथी कुणाची सुट्टी खाऊन उगवलेली नसावी, एवढं तर आपल्या हातात आहे. ज्यांना वयामुळे किंवा आजारपणामुळे खरंच शक्य नाही, त्यांनी परवानाधारक कंपनीचा सुतार बोलवावा, पावती घ्यावी आणि पूर्ण दाम मोजावा. बाकीच्यांनी करवत उचलावी.

पुरोगामीपण भाषणात सोपं असतं. या हिवाळ्यात ते अंगणात करून पाहू या.