कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या आजारांवर तालुका पशुवैद्यकीय दवाखान्यांत सोय करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त

विषय : कुत्र्या-मांजरांसाठी लस, रक्ततपासणी व तातडीच्या उपचारांची सोय होण्याबाबत.

महोदय,

कुत्र्या-मांजरांचे वरचेवर होणारे आजार मोजकेच आहेत. बहुतेकांवर लस किंवा साधा उपाय आहे. वेळ हातची गेली की मात्र तेच जिवावर बेततात. तालुका दवाखान्यांची घडी गाई-म्हशी व शेळ्या-मेंढ्यांभोवती बसलेली आहे, आणि ते रास्तच आहे. त्याच घडीत ही सोय कशी बसू शकते, ते आजारनिहाय पुढे मांडले आहे.

रेबीज : लक्षणे दिसू लागली की प्राणी वाचत नाही, माणसाचीही जवळजवळ तीच गत होते. तीन महिन्यांच्या पिल्लाला पहिली लस व पुढे दरवर्षी एक मात्रा, हाच खरा बचाव. वस्तीतील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की संसर्गाची साखळी तुटते. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला आहे.

पार्वो व डिस्टेंपर : पार्वो सहा आठवडे ते सहा महिने वयाच्या पिल्लांना गाठतो. पिल्लू खाणे सोडते, उलट्या लागतात, मग रक्तमिश्रित, उग्र वासाचे जुलाब. शरीरातले पाणी आटल्याने ते दगावते. म्हणून शिरेतून सलाइन हा उपचाराचा कणा. विषाणू जागेवर महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे दवाखान्याची फरशी ब्लीचच्या द्रावणाने पुसणे आवश्यक ठरते. डिस्टेंपरमध्ये डोळ्यां-नाकातून घट्ट स्राव येतो व पुढे झटके येतात. दोन्हींची लस एकत्रच मिळते. ती सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते.

गोचीडताप : गोचिडी कानाच्या आत व पायाच्या बोटांच्या बेचक्यांत दडून बसतात, पाठीवरून हात फिरवून त्या सापडत नाहीत. त्यांच्यामुळे एर्लिकिया व बबेसिया होतात. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, गडद लघवी ही खूण. निदानाला रक्ताची काच व सूक्ष्मदर्शक लागतो. गाईच्या गोचीडतापालाही हेच साहित्य लागते.

लेप्टोस्पायरोसिस : उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून पावसाळ्यात पसरतो. यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. माणसालाही लागण होते.

मांजरांचे आजार : पॅनल्यूकोपेनिया व मांजरांचा फ्लू यांवर लस आहे. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबणे ही खरी घाईची वेळ. बोका पुन्हापुन्हा कोपऱ्यात बसतो, कुंथतो, ओरडतो, पण थेंबही पडत नाही. घरच्यांना बद्धकोष्ठ वाटते आणि एक-दोन दिवसांत तो दगावतो. तापासाठी घरातली पॅरासिटामॉलची गोळी दिली तर तीही मांजराला विषच. परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशकाचेही तेच.

गर्भाशयातील पू : नसबंदी न झालेल्या मादीला माज ओसरल्यावर काही आठवड्यांत हा त्रास होऊ शकतो. तहान वाढते, पोट फुगते. गर्भाशय काढणे हा खात्रीचा इलाज. वेळेवर नसबंदी झाल्यास ही वेळच येत नाही.

मागण्या :

१. रेबीज, पार्वो-डिस्टेंपर, लेप्टो व मांजरांच्या लसी प्रत्येक तालुका दवाखान्यात कायम उपलब्ध असाव्यात. त्या २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवाव्या लागतात. लाळ्या-खुरकुताच्या लसीचा फ्रिज यासाठी पुरेसा आहे.
२. पावसाळ्यापूर्वी गावोगाव लसीकरण व गोचीड-निर्मूलन शिबिरे घ्यावीत.
३. रक्ताची काच त्याच दिवशी तपासून अहवाल मिळावा.
४. लहान प्राण्यांसाठी सलाइनच्या बारीक सुया, मूत्रनलिका व पार्वोच्या रुग्णांसाठी वेगळी जागा असावी.
५. आठवड्यातील एक ठरलेला दिवस नसबंदीसाठी राखावा.
६. सुट्टीच्या दिवशी व रात्री कोणत्या पशुवैद्यकाकडे जायचे, ते दवाखान्याच्या दारावर लिहावे. त्याच फलकावर पॅरासिटामॉल व परमेथ्रिनबाबतची सूचना असावी.

यांतील तिसरी व सहावी मागणी नव्या पदांशिवाय तातडीने अमलात आणता येण्याजोगी आहे. पहिल्या दोहोंवर पावसाळ्यापूर्वी निर्णय व्हावा.

आपले विश्वासू,
तालुक्यातील श्वान व मांजरपालक नागरिक

प्रत माहितीसाठी : मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद