विश्लेषण : मेनफ्रेमवर ‘आठ’चे ‘शून्य’ करण्याची सवय घातक का?

बँका आणि विमा कंपन्यांची रात्रीची मोठी कामे आजही आयबीएमच्या मेनफ्रेमवर चालतात. जुनी फाइल पुसायची, नवी तयार करायची, तिच्यात नोंदी भरायच्या. प्रत्येक टप्प्याअखेर यंत्र एक आकडा मागे ठेवते, तो ‘रिटर्न कोड’. ० म्हणजे काम नीट झाले. पुढे ४, ८, १२, १६ अशी गंभीरता वाढत जाते. चारचाच पाढा का? १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० यंत्रावर ‘अमुक ठिकाणी जा’ ही सूचना चार बाइटची होती. त्यामुळे कोडचा आकडा वापरून तक्त्यातल्या हव्या त्या सूचनेवर थेट उडी मारता येई.

फाइली सांभाळणाऱ्या ‘आयडीकॅम्स’ या युटिलिटीत ४ हा इशारा असतो. ८ म्हणजे सांगितलेले सगळे झाले नाही, १२ म्हणजे ती आज्ञा पार फसली. १६ आला की पुढच्या आज्ञा चालवल्याच जात नाहीत. शेवटच्या आज्ञेचा कोड ‘लास्टसीसी’त, तर आतापर्यंतचा सर्वांत मोठा ‘मॅक्ससीसी’त राहतो.

खरा घोळ इथेच होतो. नसलेली फाइल पुसायला सांगितली तर आयडीकॅम्स ८ देते. पहिल्या रात्री फाइल नसणारच, म्हणून प्रोग्रामर ‘सेट मॅक्ससीसी = ०’ अशी ओळ लिहून मोकळे होतात. पुसण्याच्या आज्ञेलगेच, ‘लास्टसीसी ८ असेल तरच’ अशी अट घालून लिहिली तर ती बऱ्याच अंशी चालून जाते. पण हीच ओळ नोंदी भरणाऱ्या ‘रेप्रो’च्या खाली गेली तर? एकाच कीच्या नोंदी वारंवार आल्या आणि चुकांची मर्यादा संपली की रेप्रो अर्ध्यात थांबते. फाइल अपुरी, कोड मात्र शून्य. पुढचे काम त्याच अपुऱ्या फाइलवर निर्धास्त सुरू होते. जुने जेसीएल नकलून नवे करण्याच्या पद्धतीत अशा ओळी वर्षानुवर्षे फिरत राहतात, आणि कोणी विचारत नाही.

‘चारपर्यंत चालते’ हा नियमही सरसकट खरा नाही. दोन फाइलींची तुलना करणारी ‘आयईबीकॉम्पर’ फरक सापडला की ८ देते. म्हणजे तिने तिचे काम चोख केले. त्याच कामाची ‘सुपरसी’ फरकासाठी १ देते. चारच्या नियमाने पाहिले तर एकीकडे काम अडेल, दुसरीकडे फरक निसटेल. त्यात जेसीएलमधली ‘कॉन्ड’ची अट उलटी: ती खरी ठरली की पायरी चालत नाही, वगळली जाते. नवख्यांची तिथे हमखास फसगत होते. ‘इफ-देन’ उपलब्ध असताना नव्या कामात ‘कॉन्ड’ लिहिण्याचे कारण उरलेले नाही.

आकड्याबरोबर संदेशही छापला जातो. ‘आयडीसी३०१२आय’ म्हणजे कॅटलॉगमध्ये नोंद सापडली नाही. पुसण्याच्या आज्ञेनंतरच्या आठासोबत हा संदेश असेल, तरच तो आठ सोडून देण्याजोगा.